झीरो बघा

"शंभरचं टाका."

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर मी 1998 साली लागलो. तेव्हापासून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. लागलो तेव्हा पेट्रोल तिशीच्या आत होतं. शंभराच्या नोटेत साडेतीन लिटरच्या आसपास यायचं आणि लूनावाला त्यावर आठवडा काढायचा. आता त्याच नोटेत लिटरही पुरतं येत नाही. नोटेचा रंग बदलला, लूना गेल्या, पंपावरची आकड्यांची चाकं फिरणारी मशीनं जाऊन डिजिटल आली. माणूस मात्र शंभरच म्हणतो.

पूर्वी लिटरात मागणारी गिऱ्हाइकं असायची. दूधवाले, रिक्षावाले, कळस-धानोरीकडचे भाजीवाले. "दोन लिटर, ऑईल टाकून." टू-स्ट्रोक गाड्या होत्या, पेट्रोलबरोबर ऑईल मोजून टाकावं लागायचं आणि त्याचा निळा धूर रस्त्यावरून हलायचा नाही. लिटरात मागणाऱ्याला आपण किती घेतलं ते कळायचं आणि भाव वाढला की खिशालाही कळायचं. रुपयांत मागणाऱ्याचं तसं होत नाही. त्याच्या लेखी खर्च तोच, शंभर. फक्त सोमवारी येणारा माणूस पुढच्या वेळी सोमवारऐवजी शनिवारीच येतो. भाव वाढले की पंपावर गर्दी कमी होईल असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. झालं उलटंच. गाड्या तेवढ्याच, फेऱ्या जास्त, आणि प्रत्येक फेरीला नोझल धरणारा हात आमचा.

मी मूळचा शिरूर तालुक्यातला. बारावीनंतर पुण्यात आलो, दिवसा कॉलेज आणि रात्री पंप असा बेत होता. कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं, पंप राहिला. आधी नोझलवर, मग कॅशवर, आता गेली बारा वर्षं मॅनेजर. मॅनेजर म्हटलं तरी कोणी रजेवर गेलं की नोझल हातात घ्यावंच लागतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. केबिनमध्ये बसून भाव कळतो. माणूस कळायला बाहेर उभं राहावं लागतं.

लागल्या-लागल्या पहिल्या महिन्यात जे शिकलो ते लिहायला हात अडखळतो, पण ते वगळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. एक जुना सहकारी होता, त्याने मला 'पन्नासची मेख' शिकवली. गिऱ्हाईक दोनशे म्हणालं की ऐकू आलं नाही असं दाखवून पन्नासला थांबायचं. ते म्हणतं, "अहो, दोनशे सांगितले." आपण म्हणायचं, "सॉरी साहेब, वरचे दीडशे टाकतो." तेवढ्यात दुसऱ्याने सुट्ट्या पैशांचं विचारून त्याचं लक्ष वळवायचं, आणि मशीन झीरो न करता पन्नासवरूनच सुरू करून दीडशेला थांबायचं. घ्यायचे दोनशे, द्यायचं दीडशेचं. मशीन खोटं बोलत नाही, सील शाबूत, माप बरोबर.

हे मी केलं. किती वेळा ते मोजलं नाही, पण एकदा-दोनदा नाही.

मनाला पटवायला कारण तयार होतं. शिफ्ट संपली की मीटरच्या रीडिंगवरून हिशेब लागतो आणि कॅश शॉर्ट आली तर ती आमच्या पगारातून जाते. कोणी पैसे न देता पळालं, कोणी फाटकी नोट खपवली, गर्दीत दहाऐवजी पन्नास परत गेले, सगळं आमच्या माथी. भाव वाढला की पळून जाणाऱ्याची रक्कमही वाढते, पगार मात्र त्याच्याबरोबर धावत नाही. तेव्हा मला वाटायचं, जगच आपल्याला शॉर्ट करतंय, आपण जगाला केलं तर काय बिघडलं?

ते बिघडलं एका डायरीने.

साल 2004 किंवा 2005. टिंगरेनगरच्या बाजूने एक निवृत्त सुभेदार यायचे. विश्रांतवाडी म्हणजे चहूकडे लष्कराचा शेजार, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, दिघीचा कॅम्प, लोहगावचा विमानतळ. त्यामुळे अशी शिस्तीची गिऱ्हाइकं आम्हाला नवी नव्हती. पण हे काका पेट्रोल भरलं की चेतक बाजूला घ्यायचे, डिकीतून तांबड्या कापडी बांधणीची छोटी डायरी काढायचे आणि लिहायचे. तारीख, किलोमीटर, रुपये, लिटर. आम्ही पोरं हसायचो.

एके दिवशी ते सकाळी दहाला आले, पेट्रोल भरायला नव्हे. डायरी माझ्यापुढे उघडून धरली. चार पानं. अक्षर असं की छापल्यासारखं. सहा महिने गाडी पंचेचाळीसच्या आगेमागे देत होती. मग मध्ये तीन नोंदी, छत्तीस, अडतीस, सदतीस. मग परत पंचेचाळीस. त्या तीन नोंदींखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. आवाज चढवला नाही. म्हणाले, "पाच लिटरचं माप आणा."

पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्याच्यासमोर भरून दाखवावं लागतं. पंचवीस मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं, त्यापेक्षा कमी आलं तर मशीन बंद. मी माप आणलं, सपाट जागी ठेवलं, भरलं. ते गुडघ्यावर बसले, डोळा मापाच्या मानेवरच्या रेषेच्या पातळीत आणला, चष्मा कपाळावर सरकवला. पेट्रोल रेषेला चिकटून होतं. उठताना त्यांचा गुडघा कटकन वाजला. म्हणाले, "मशीन बरोबर आहे. मग चूक कुठे आहे, ते तुम्ही शोधा."

त्या तीन नोंदींतल्या दोन तारखांना नोझलवर माझा सहकारी होता. एका तारखेला मी होतो.

मालकांनी सहकाऱ्याला त्याच आठवड्यात काढलं. त्याच्याविषयी आधीपासून तक्रारी होत्या. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. तो गेला, मी राहिलो, पुढे मॅनेजर झालो. हे सरळ लिहितो, कारण पंपावरच्या नव्या पोरांना मी जेव्हा "झीरो दाखवल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही" असं दरडावून सांगतो, तेव्हा त्यांना वाटतं मॅनेजर फार तत्त्वाचा माणूस आहे. सुभेदार काका पुढे सात-आठ वर्षं येत राहिले. गाडी स्टँडला लावायच्या आत मी म्हणायचो, "झीरो बघा काका." ते बघायचे, मान हलवायचे आणि मग डायरी काढायचे.

भावाचं मात्र वेगळं आहे. भाव आमच्या हातात कधीच नव्हता, पण शिव्या आम्हालाच. हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

2012 सालची 23 मे ही तारीख पंपावरचा जुना माणूस विसरणार नाही. पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण जून 2010 मध्ये उठलं होतं, तरी भाव रोज बदलत नसत. साचत साचत जायचे आणि मग एकदम यायचे. त्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली, मध्यरात्रीपासून पेट्रोल साडेसात रुपयांनी महाग. साडेसात, एका फटक्यात. आठ वाजता रांग चौकापर्यंत गेली. मोटारसायकली, रिक्षा, बिसलेरीच्या बाटल्या, एक जण तर चक्क घरचा स्टीलचा डबा घेऊन आला. बाटलीत आणि डब्यात देता येत नाही म्हटल्यावर माझ्या खानदानाचा उद्धार झाला. दोघांची रांगेवरून जुंपली, तिघे सोडवायला गेले आणि त्या गडबडीत मागचा एक जण पुढे घुसला, मग पाच जणांची जुंपली.

एका तरुणाने दीड तास थांबून तीन लिटर भरलं. रांगेत पूर्ण वेळ त्याची गाडी चालू, कारण बंद केली तर म्हणे किक लागत नाही. तीन लिटरमागे त्याचे साडेबावीस रुपये वाचले. त्यातले किती धुरात गेले याचा हिशेब मी मनात केला, त्याला सांगितला नाही. समोरच्या वडापाववाल्याने मात्र त्या रात्री आयुष्यातला सगळ्यात मोठा धंदा केला.

बारा वाजता आमचं खरं काम सुरू व्हायचं. नोझल बंद, प्रत्येक मशीनचं रीडिंग, टाकीत डीपची काठी सोडून साठा मोजायचा, वहीत लिहायचं, मशीनमध्ये नवा भाव टाकायचा. बाराला पाच मिनिटं कमी असताना ज्याचा नंबर लागला तो राजा. बारा वाजून एक मिनिटाने लागला तो आम्हाला चोर म्हणायचा.

मग 16 जून 2017 पासून देशभर भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले. दहा पैसे वर, बारा पैसे खाली, तेवीस पैसे वर. आणि रांगा एका दिवसात गेल्या. त्या वर्षी जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लिटरमागे सात रुपयांच्या आसपास वाढ झाली. म्हणजे 2012 च्या त्या रात्रीएवढीच. पण या वेळी ना रांग, ना भांडण, ना डबा. कोणी मान वर करून बोर्डही वाचत नव्हतं. साडेसात रुपयांना पेटणारा माणूस बारा पैशांना पेटत नाही, हे ज्याने कोणी ओळखलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार घातला. तो आमच्या त्या 'पन्नासच्या मेख'वाल्यापेक्षा फार वरच्या इयत्तेतला.

आणि रोज बदलणारा भाव काही दिवस बदलतच नाही, तेव्हा आमची पोरं कॅलेंडर बघतात. 4 नोव्हेंबर 2021 नंतर 137 दिवस भाव जागचा हलला नाही. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, कच्चं तेल शंभर डॉलरच्या पुढे गेलं, तरी आमचा बोर्ड शांत. उत्तर प्रदेशाच्या निवडणुकीचे निकाल 10 मार्चला लागले, आणि 22 मार्चपासून ऐंशी-ऐंशी पैशांनी सुरू झालं ते 6 एप्रिलपर्यंत दहा रुपये चढवूनच थांबलं. टीव्हीवर तज्ज्ञ ओपेक, डॉलर, बॅरल असं बरंच बोलत होते. आमच्या नोझलवरचा बीडचा पोरगा, दहावी नापास, जानेवारीतच म्हणाला होता, "साहेब, मतदान होऊ द्या, मग बघा."

लोकांचा एक पक्का समज आहे, भाव वाढला की पंपवाल्याची चांदी. गेल्या पंचवीस वर्षांत मी तो हजारदा खोडून काढला असेल. पंपाचं कमिशन लिटरवर असतं, तीन-चार रुपयांच्या घरात, आणि ते भावाबरोबर फारसं वाढत नाही. वाढतं ते भांडवल. लोणी काळभोरच्या डेपोतून बारा हजार लिटरचा टँकर मागवायचा तर पैसे आधी भरावे लागतात. पेट्रोल सत्तरचं शंभर झालं की त्याच टँकरला तीन लाख साठ हजार रुपये जास्त लागतात. तेवढं मालकांनी कुठून तरी उभं करायचं, व्याज भरायचं, आणि कमिशन तेच. कमिशन वाढावं म्हणून देशातल्या बऱ्याच राज्यांतल्या पंपांनी 31 मे 2022 रोजी एक दिवस माल न उचलण्याचं आंदोलन केलं होतं. गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण टाक्यांत साठा होता.

भाव उतरला की तर आणखी गंमत. 2021 च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी केंद्राने अबकारी कर कमी केला, पेट्रोलवर पाच रुपये, डिझेलवर दहा. सगळीकडे आनंद. आम्ही सुट्ट्या लागून येणार म्हणून टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. टाकीतलं पंधरा हजार लिटर डिझेल जुन्या भावाने घेतलेलं, सकाळी सहाला विकायचं नव्या भावाने. रात्रीत दीड लाखावर पाणी. मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पंपावर लक्ष्मीपूजन झालं, पेढे वाटले आणि बोनसचं पाकीट या वर्षी जानेवारीत मिळेल असं सांगितलं. ते फेब्रुवारीत मिळालं. तक्रार नाही, पण तेव्हापासून भाव उतरल्याची बातमी लागली की माझा हात आधी साठ्याच्या वहीकडे जातो.

करोनातला एक प्रसंग सांगायलाच हवा. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला, बॅरलला उणे सदतीस डॉलर. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. पंपावर चिटपाखरू नव्हतं. पास असलेल्या गाड्या, ॲम्ब्युलन्स, दूध, पोलीस, बस्स. एक नर्सबाई रोज सकाळी स्कूटरवरून यायच्या. चेहऱ्यावर मास्कचे वळ. त्या म्हणाल्या, "दादा, तिकडे फुकट वाटतायत म्हणे, आपल्याकडे कधी?" मी म्हटलं, "ताई, जहाज निघालं असेल." पंधरा दिवसांनी केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे दहा आणि डिझेलवर तेरा रुपये कर वाढवला. पेट्रोलवरचा केंद्राचा कर 32 रुपये 98 पैसे झाला. त्यावर राज्याचा व्हॅट आणि सेस वेगळा. आमच्या महाराष्ट्राचा सेस हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. 2015 च्या दुष्काळात तो वाढला आणि दुष्काळ सरला तरी राहिला. 2017 मध्ये महामार्गावरची दारूची दुकानं कोर्टाने बंद केली, राज्याचा महसूल बुडाला, तर त्याची भरपाई पेट्रोलवर तीन रुपये लावून झाली. दारू न पिणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणं फार अवघड गेलं.

त्या नर्सबाई करवाढीच्या दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा बोर्डकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. "शंभरचं टाका," एवढंच.

पुढच्या वर्षी बोर्डचाच प्रश्न आला. आमचा बोर्ड जुना, आकड्यांचे पत्रे सरकवायचे. दशांश चिन्हाआधी दोनच खाचा. पंप बांधणाऱ्याला पेट्रोल तीन आकड्यांत जाईल असं स्वप्नातही आलं नसणार. मध्य प्रदेशात तर काही जुनी मशीनंच तीन आकडे दाखवेनात म्हणून बंद ठेवावी लागल्याच्या बातम्या होत्या. आमची मशीनं नवी होती, अडला तो बोर्ड. 29 मे 2021 ला मुंबईत पेट्रोल शंभरी ओलांडून गेलं, पाठोपाठ आमच्याकडेही. आदल्या रात्री मी आणि तो बीडचा पोरगा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने पत्र्याची पट्टी कापून दिली, आम्ही तिच्यावर पांढऱ्या रंगाने 1 काढला आणि दोन तारांनी बोर्डच्या डाव्या अंगाला लटकवला. वाऱ्याने तो एक हलायचा. सकाळी पहिल्यांदा आलेल्या रिक्षावाल्या मामांनी फोटो काढला आणि म्हणाले, "हा एक काढून ठेवा बरं का, परत उतरल्यावर लागणार नाही." ती पट्टी चार वर्षांपूर्वीची. नवा एलईडी बोर्ड आला तेव्हा मी ती फेकली नाही, केबिनच्या खिळ्याला आहे.

भेसळीच्या दिवसांविषयी आता फारसं कोणी बोलत नाही. रेशनचं निळं रॉकेल डिझेलच्या एक तृतीयांश भावात मिळायचं, आणि जिथे एवढी दरी तिथे कोणीतरी उडी मारणारच. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी भरदिवसा जाळून मारलं. दुसरा दिवस प्रजासत्ताक दिनाचा. पंपावर झेंडा लावला होता. एक बाई मुलाला शाळेतून घेऊन आल्या, गाडी थांबवली, पण टाकीचं झाकण उघडेनात. म्हणाल्या, "तुमच्याकडचं खरं आहे ना?" मी फिल्टर पेपर आणला, नोझलचा एक थेंब त्याच्यावर टाकला. शुद्ध पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही. दोन मिनिटं आम्ही तिघे त्या कागदाकडे बघत उभे होतो. डाग राहिला नाही. मुलगा म्हणाला, "जादू." बाईंनी झाकण उघडलं. त्या दिवसापासून टँकर आला की घनता मी स्वतः मोजतो. पाचशे मिलिलिटरचा काचेचा जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर, तक्ता. चलनावर लिहिलेली घनता आणि आपली यात तीनपेक्षा जास्त फरक आला तर टँकर उतरवायचा नाही, मग ड्रायव्हर कितीही घाईत असो.

इतकं करूनही एका पावसाळ्यात नाक कापलं गेलं. टाकीच्या तोंडाचं रबर फाटलं होतं, रात्रभराच्या पावसाने पाणी आत उतरलं. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी तळाशी बसायचं, काठीला पेस्ट लावून डीप घेतला की रंग बदलून कळायचं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाण्याला आधी आपल्यात ओढून घेतं आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबरच खाली बसतं. सकाळी नऊपर्यंत सतरा गाड्या ढकलत परत आल्या. लोक "भेसळ, भेसळ" ओरडत होते. मी एका गाडीची टाकी जारमध्ये रिकामी केली. वर पिवळसर थर, खाली गढूळ, मधोमध सुरीने कापल्यासारखी रेषा. तो जार मी काउंटरवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. रबर आम्ही वेळेत बदललं नाही हे कबूल केलं, सतराही गाड्यांच्या टाक्या धुऊन दिल्या. त्यातले दोघे परत कधी आले नाहीत, बाकीचे येतात.

इथेनॉलविषयी माझं मत विचाराल तर ते एक नाही, दोन आहेत. पहिला प्रयोग 2001 मध्ये मिरज आणि मनमाडच्या डेपोंतूनच झाला होता, म्हणजे हे आपल्याच मातीतलं. गावाकडे माझा भाऊ ऊस लावतो. तो म्हणतो, आता आमचा ऊस तुमच्या टाकीत जातो, कारखान्याकडून पैसे वेळेत येतात. इकडे गिऱ्हाईक म्हणतं, वीस टक्के झाल्यापासून ॲव्हरेज पडलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, थोडं पडणारच. दिवाळीला गावी गेलो की भावाची बाजू पटते, परत येऊन नोझल धरलं की गिऱ्हाइकाची.

सत्तावीस वर्षांत शरीराने काय घेतलं तेही सांगतो. तळहाताची कातडी कागदासारखी झाली आहे. पायांच्या शिरा फुगल्या आहेत. मुलगी लहान असताना मी घरी आलो की डोळे मिटूनच ओळखायची, वासावरून. आता ती इलेक्ट्रिक स्कूटर घ्या म्हणून मागे लागली आहे. म्हणते, "बाबा, तुम्ही आयुष्यभर भरलंत, मला नाही भरायचं." घेऊ. हिशेब मी केला आहे, डायरीत. हो, मीही आता डायरी ठेवतो.

दरवर्षी ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर करत पुण्यात जाते. त्या दिवशी रस्ता बंद, विक्री जवळजवळ शून्य, टँकर दोन दिवस आधीच मागवून ठेवायचा. पंपाचं अंगण वारकऱ्यांचं. आम्ही पाण्याचे ड्रम भरून ठेवतो, संडास उघडे ठेवतो आणि बिडी ओढणाऱ्यांच्या हातापाया पडत फिरतो. करोनाची दोन वर्षं पादुका एसटीने गेल्या. 2022 च्या जूनमध्ये पालखी परत पायी आली तेव्हा पंपावर पाय ठेवायला जागा नव्हती.

पालखी पुढे गेल्यावर एका दिंडीचा सामानाचा ट्रक डिझेल घ्यायला आत आला. परभणीकडची दिंडी. ट्रकमागे एक म्हातारी, डोक्यावर तुळस. ती बोर्डासमोर उभी राहून आकडे वाचत होती. मला वाटलं, आता हीही बोलणार.

"हे पेट्रोलचं हाय का?"

"हो आजी. फार महाग झालंय."

"कुठं म्हाग? आमच्याकडं ह्याच्याहून म्हाग हाय."

खरं होतं. डेपो लांब, टँकरचं भाडं जास्त, त्यामुळे राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल परभणीत, हे पेपरात कितीदा छापून आलं होतं. म्हातारीने मागे वळून ट्रकवाल्याला हाक मारली. "आरं, इथं सस्त हाय, भरून घे की पुरतं!" ट्रकवाल्याने फडक्याची गाठ सोडली. दिंडीच्या भिशीचे पैसे, दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा, बरीच नाणी. आम्ही दोघांनी काउंटरवर ढीग लावून मोजले. तीन हजार सहाशे चाळीस.

मी नोझल टाकीत घातलं. म्हातारी मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"झीरो बघा आजी," मी म्हटलं.

"बघितला," ती म्हणाली. "टाक आता."